उघड्या मस्तकाची स्त्री

ऑग्यूस्त रेन्वार या फ्रेंच चित्रकाराच्या ‘छत्र्या’ या चित्रात पॅरिसच्या रस्त्यावर दाटीने उघडलेल्या निळ्या-करड्या छत्र्या प्रथम नजरेत भरतात. परंतु त्या दाटीत डाव्या बाजूस उभी राहून थेट आपल्याकडे पाहणाऱ्या तरुणीच्या माथ्यावर छत्री नाही आणि टोपीही नाही, हे ध्यानी आल्यावाचून चित्राचा अर्थ हाती लागत नाही. तिच्या एका हातावर मोठी टोपली आहे, दुसऱ्या हाताने तिने ओल्या रस्त्यावरून झग्याचा घोळ किंचित उचलून धरला आहे.

तत्कालीन पॅरिसमध्ये प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री टोपीवाचून घराबाहेर पडत नसे. सबब उघडे मस्तक आणि टोपली ही दोन लक्षणे एकत्र पाहून, स्त्रियांच्या टोप्या बनविणाऱ्या दुकानातील माल गिऱ्हाइकाकडे पोचविणारी ही कामकरी मुलगी असावी, असा निष्कर्ष जाणकारांनी काढला आहे. उजवीकडे हातात खेळाचे कडे घेतलेली बालिका, तिची बहीण आणि आई यांचे कुटुंब मात्र उंची पोशाखात नटलेले आहे.

हा भेद योगायोगाचा नव्हे. १८८१ च्या सुमारास रेन्वारने उजवीकडील कुटुंब मृदू, तरल कुंचल्याने रंगविले. मग इटलीतील प्राचीन कलाकृतींच्या दर्शनाने त्याची दृष्टी पालटली, आणि १८८५ च्या सुमारास तो या चित्राकडे पुनश्च वळला, तेव्हा डावी बाजू त्याने ठाशीव रेषांनी घडविली. क्ष-किरणांच्या तपासणीत असे उघडकीस आले, की या तरुणीच्या अंगावर आधी झालरींचा झगा, गळ्याशी व मनगटांशी पांढरी लेस आणि डोक्यावर टोपीही होती. ती सारी भूषणे पुसून टाकून चित्रकाराने तिचा दर्जा बुद्ध्याच बदलला.

तिच्या मागे उभा असलेला दाढीवाला गृहस्थ तिला आपल्या छत्रीचा आसरा देऊ पाहतो, असे मानून अनेकांनी या चित्रात प्रणयाची सुरुवात वाचली. परंतु जिच्यासाठी हा खटाटोप मांडला गेला, तिचे लक्ष त्या गृहस्थाकडे नाही. ती पावसात कामावर निघाली आहे. माझ्या मते त्या प्रसंगाहून तिच्या हातावरील टोपली अधिक महत्त्वाची आहे. पॅरिसच्या वैभवाचा भार ज्या हातांनी वाहिला, त्यांची साक्ष या चित्राने जपली, हेच त्याचे खरे मोल होय.