मधुमेही माणसाचा नवा दात



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. पण माणसाच्या तोंडातील दातालाही इतिहास आहे. घरातील बुजुर्ग मंडळी भाकरी दुधात कुस्करून खाताना आपण पाहतो. त्यांना मधुमेह असला, तर "साखरेच्या आजारात दात कसला बसवता?" असे म्हणून घरचेच विषय मिटवतात. हा समज आला कोठून आणि आज तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

पडलेल्या दाताची जागा भरण्याची खटपट फार जुनी. दहाव्या शतकात स्पेनमधील कॉर्डोबा, म्हणजेच कुर्तुबा, येथे अबुल कासिम अल-झहरावी हे थोर शस्त्रवैद्य होऊन गेले. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधण्याची रीत त्यांनी 'अत्-तस्रीफ' या ग्रंथात दिली. बैलाच्या हाडाचा कोरीव दात बसवण्याचा उल्लेखही त्यात आहे. मात्र असा दात शेजारच्या दातांच्या आधाराने राही. जबड्याच्या हाडाशी तो एकजीव होत नसे.

ती किमया पुढे योगायोगाने साधली. 1952 साली स्वीडनमधील ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपला, पण नळी निघेना. हाड तिला घट्ट चिकटले होते. 1965 साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन यांचे निधन 2006 साली झाले. तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते स्क्रू टिकले.

परंतु मधुमेही रुग्णाला हे दार बराच काळ बंदच राहिले. त्यास कारणही होते. रक्तातील साखर सतत वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जखम उशिरा भरते, जंतू लवकर फावतात आणि नवे हाड नीट तयार होत नाही. इम्प्लांटचे तर सारे यश हाड धातूला धरण्यावरच अवलंबून.

मग दार उघडले कसे? पहिली किल्ली कॅनडातील टोरांटो शहरात घडली. तेथे 1921 साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन मिळवले आणि जानेवारी 1922 मध्ये लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते देण्यात आले. साखर ताब्यात ठेवण्याचे साधन मिळाले. योगायोग असा की, त्याच टोरांटोत 1982 साली भरलेल्या परिषदेनंतर ब्रोनेमार्क यांची पद्धत जगभर मान्य झाली.

दुसरी किल्ली तेहरानची. 1968 साली सॅम्युअल रहबर यांना मधुमेही रुग्णांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळेपणा आढळला. त्यातूनच पुढे 'एचबीएवनसी' ही तपासणी रूढ झाली. आदल्या दिवशी गोड टाळून ही तपासणी फसत नाही. मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब ती मांडते. शाळेच्या भाषेत सांगायचे, तर हा एका दिवसाच्या परीक्षेचा गुण नव्हे, तर साऱ्या सत्राचे प्रगतिपुस्तक!

आज साखर नीट ताब्यात असलेल्या मधुमेही रुग्णांतही इम्प्लांट चांगले यशस्वी होतात. साखर बेताल असेल, तर मात्र हाड जुळण्यास वेळ लागतो आणि हिरडीच्या संसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे जुनी भीती खोटी नव्हती. सरसकट नकार मात्र चुकीचा होता.

म्हणून एक विनंती. आजी-आजोबांना दंतवैद्याकडे नेताना साखरेचा अहवाल बरोबर न्या. आजार लपवू नका. डॉक्टरांनी "आधी साखर आवरा, मग पाहू" असे म्हटले, तर तो नकार समजू नका. हाड जुळायला काही महिने लागतात. तंबाखू सोडणे आणि रोजची स्वच्छता मात्र कायमची. विद्यार्थ्यांनो, तो अहवाल घरात मोठ्याने वाचून समजावणे, हे काम तुमचे.