पाणी कसं, मासा कोणता, मग चमचा

आमच्या जित्याच्या बाजूला पाताळगंगेच्या काठी कुणाला ‘स्पिनर’बद्दल विचारलंत, तर तो क्रिकेटवर बोलू लागेल. गळाला जोडून पाण्यात फिरवायच्या धातूच्या पात्याचं हे नाव. त्याच्या थोरल्या भावाचं नाव मात्र आपल्या घरातलं आहे: चमचा, म्हणजे इंग्रजीतल्या ‘स्पून’चा सरळ तर्जुमा. चमचा हा शब्द तुर्की-फारसीच्या वाटेने उर्दूत आणि मराठीत आला. दोन्ही भाषा शिकवणारा माणूस असल्यामुळे असे शब्द दिसले की मी थांबतो, आणि थांबलो की त्या वस्तूच्या मागे लागतो.

कथा अशी सांगतात, की अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बोमोसीन तलावावर ज्युलिओ ब्यूएलच्या हातून जेवणाचा चमचा पाण्यात पडला. तो डुलत खाली जात असताना एका माशाने त्यावर झडप घातली. कथेचं काहीही असो, ब्यूएलचं १८५२ चं पेटंट खरं आहे. उत्तर युरोपात चमकत्या धातूचे असे तुकडे त्याच्या आधीपासून वापरात होते.

पुढची मोठी उडी रिळाची. जुन्या रिळाची चरखी दोरा सुटताना स्वतः फिरायची. तिला फिरवायला वजन लागायचं, म्हणून चमचेही जड असायचे. १९०५ मध्ये ब्रॅडफर्डचा गिरणीमालक अल्फ्रेड इलिंगवर्थ याने न फिरणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीत कांडीच्या टोकावरून सूत सुटतं, तसा दोरा सुटू लागला आणि हलकं पातंही लांब जाऊ लागलं. १९३८ मध्ये फ्रान्सच्या आंद्रे म्युलनार या इंजिनिअरने काढलेलं ‘मेप्स’ स्पिनर आजही विकलं जातं. त्यात पातं एका तारेभोवती गरगर फिरतं. चमचा फिरत नाही, डोलतो. फरक एवढाच, पण माशाला तो कळतो.

ही सामग्री मुख्यतः ट्राउटच्या देशांत घडली. ट्राउट हा थंड, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव घाबरा होतो. म्हणून इंग्रजांनी १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी आणली ती काश्मीरला. पुढे निलगिरीतही तो रुजला. कोकणात त्याला आणण्याचा प्रश्नच नव्हता. पण गळाचा नाद असलेले साहेब इथेही होते, आणि त्यांना इथे महासीर भेटला. मद्रास सनदी सेवेतल्या हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये मंगळुरात छापलेल्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात सर्वांत मोठा मान महासीरला आहे.

आता निवडीकडे येऊ. नदीत प्रवाह पातं फिरवतो. तलावात ते काम तुमच्या मनगटाचं. म्हणून संथ पाण्यात रुंद, गोल पातं घेतात. ते सावकाश ओढलं तरी फिरतं आणि पाण्याला जोराचे हिसके देतं. अरुंद, विलोच्या पानासारखं पातं तारेला चिकटून वेगाने फिरतं, लवकर खाली जातं. खोल पाण्याला किंवा धारेला ते बरं. पाणी नितळ आणि ऊन लख्ख असेल तर लहान, चंदेरी. गढूळ पाणी, ढगाळ दिवस असेल तर मोठं, पितळी किंवा तांबडं. लाल रंगाच्या मोहात मात्र पडू नका, कारण खोलीवर सर्वांत आधी तोच रंग मावळतो. मासा किती खोल आहे हे कळायला टाकल्यावर आकडे मोजायचे. पाच मोजून ओढा, मग दहा, मग पंधरा. जिथे झटका बसेल तो आकडा लक्षात ठेवायचा. सकाळ-संध्याकाळ मासे काठाशी वर येतात, दुपारी खाली जातात. आणि दोऱ्याला पीळ पडू नये म्हणून मध्ये फिरती कडी हवीच. ती विसरणाऱ्याचा अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न: तलावात मासा कोणता? रोहू, मृगळ यांच्यापुढे पातं फिरवणं म्हणजे शाकाहाऱ्यापुढे कबाब ठेवणं. त्यांना पिठाचा गोळा हवा. मरळ झडप घालतो. आणि आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटातला राजा म्हणजे जिताडा. (गावाचं आणि माशाचं नाव जुळतं, यावर पोरं विनोद करतात.) खाडीतली पिल्लं घराजवळच्या तळ्यात सोडून त्यांना मोठं करायची इथली जुनी रीत आहे. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. गढूळ पाण्यात त्याला चमक कमी आणि थरथर जास्त कळते. म्हणून त्याच्यासाठी जड, डोलणारा चमचा. त्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी, म्हणून गळाजवळचा दोरा जाड. हे इंग्रजी पुस्तकांतही आहे आणि आमच्या खाडीकाठच्या कोळ्याच्या तोंडीही आहे. मराठीत लिहिलेलं मात्र फार थोडं.

शब्दाचा उलटा प्रवासही झाला आहे. कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महासीरची नोंद केली आणि त्याला स्थानिक नावच दिलं, खुद्री. आज तो ‘टॉर खुद्री’ म्हणून जगभर ओळखला जातो. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी १९७० च्या दशकापासून याच्या पिल्लांची पैदास होते. त्या तलावाचं पाणी नळांतून खोपोलीच्या वीजघरात उतरतं, तिथून पाताळगंगेत येतं आणि आपट्यावरून आमच्या बाजूने खारपाड्याच्या खाडीला मिळतं. वीजघर १९१५ चं. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं आमच्या नदीत घाटावरचं पाणी वाहतंय.

वळवणची पिल्लं देशभर गेली, कावेरीतही. हेतू चांगला होता, गळवाल्यांना हवाही होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा कुबडदार महासीर होता. १९४६ मध्ये काबिनीत १२० पौंडांचा महासीर गळाला लागल्याची नोंद आहे, इतके अजस्र मासे या नद्यांत होते. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाने होणारी मासेमारी यांनी तो खंगत होता, त्यात हा पाहुणा त्याच्या जागेवर बसला. कुबडदार माशाची ‘टॉर रेमादेवी’ म्हणून नीट ओळख पटली २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. खुद्रीची स्थिती मात्र त्या यादीत सुधारली. मला यात खटकतं ते हे: एक पातं निवडताना जो माणूस पाण्याचा रंग, खोली, माशाचं तोंड इतकं सारं विचारतो, तोच मासा एका नदीतून दुसरीत टाकताना तिथे आधी कोण राहतं हे विचारत नाही.

आमच्याच जिल्ह्यात महाडकडे, बिरवाडीच्या बाजूला काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनी देवीच्या नावाने तिथल्या डोहातले महासीर कुणी पकडत नाही. तिथे गेलात तर चमचा घरी ठेवा. लोक कुरमुरे टाकतात आणि मासे वर येऊन ते खातात.