उल्हासनगर: छावणीतली मुलं नागरिक कशी झाली?

उल्हासनगरमध्ये आजही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच म्हणतात. अंबरनाथच्या हद्दीपर्यंत पसरलेले हे कॅम्प म्हणजे कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावण्या. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना इथे ठेवण्यात आलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी शहराची पायाभरणी केली. उल्हास नदीवरून त्याला नाव मिळालं.

नागरिकत्व कसं मिळालं?

संविधानाच्या कलम ६ नुसार, स्वतःचा, आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कुणाचाही जन्म अखंड भारतात झालेला असणं ही मुख्य अट होती. त्यामुळे सिंधमधला जन्म आड आला नाही. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेले आपोआप नागरिक ठरले. नंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली.

मग अडचण कुठे होती?

भाषेत. पंजाब आणि बंगालचा काही भाग भारतात राहिला, पण सिंध पूर्ण पाकिस्तानात गेला. सिंधीला स्वतःचं राज्य उरलं नाही. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही ती सुरुवातीला नव्हती. तिचा समावेश १९६७ साली झाला. सिंधी अरबी लिपीत शिकवायची की देवनागरीत, हा वादही बरीच वर्षं चालला.

कलम ३० मुळे भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था चालवता येतात. उल्हासनगरचं सीएचएम कॉलेज सुरू करणाऱ्या संस्थेच्या नावात तर सिंधमधलं हैदराबाद आजही आहे. राष्ट्रगीतातला 'सिंध' शब्द काढण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली फेटाळली. सिंधी मुलांसाठी तो शब्द म्हणजे आजोबांचं गाव. मात्र पुढच्या पिढ्या इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि सिंधी वर्ग ओस पडत गेले.

आज काय स्थिती आहे?

पाकिस्तानातून नंतर आलेली काही सिंधी कुटुंबं अनेक वर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिली. अशा घरातलं मूल शाळेत मतदानाच्या हक्काचा धडा शिकतं, पण घरी कुणाकडेच मतदार ओळखपत्र नसतं. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदूंसह सहा धर्मांच्या लोकांसाठी २०१९च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट खुली केली. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले.

शाळेसाठी मात्र इतकं थांबावं लागत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ हा ६ ते १४ वयाच्या 'प्रत्येक बालकाला' लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.