कळफलकांतील भागांतर व पुष्पिकेची आवश्यकता

पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तिची पुष्पिका पाहतो. लेखक कोण, लेखनस्थळ कोणतें, शक कोणता, मूळ प्रत कोणाची, एवढें तेथें मिळालें म्हणजे पुढील निम्में काम हलकें होतें. ज्या पोथीस पुष्पिका नाहीं तिच्या बाबतींत कागद, शाई, अक्षराचें वळण व अपपाठ यांवरून अनुमान करीत बसावें लागतें. हा विचार हस्तलिखितांपुरताच करण्याची आपली वहिवाट आहे. परंतु ज्या साधनावर आज आपलें बहुतेक लेखन होतें, त्या कळफलकासहि पुष्पिकेची गरज आहे, असें आमचें मत झालें आहे. तें कशावरून झालें हें सांगून वाचकांपुढें एक सूचना ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पैनगंगेच्या परिसरांतील किनवट हें आमचें राहण्याचें गांव. गतवर्षीं आमचा एक जुना विद्यार्थी सुटींत घरीं आला असतां आपला संगणकाचा कळफलक दाखवावयास घेऊन आला. आम्हांस त्यांत पाहण्यासारखें कांहीं दिसेना. तेव्हां त्यानें एका कळीची टोपी उपटली, तिच्या खालचा स्विच काढून उघडला, व आंतील भाग आमच्या पोथीच्या चौरंगावर ओळीनें मांडले. “गुरुजी, यांतली स्प्रिंग एका कारखान्याची, दांडी दुसऱ्याची आणि कवच तिसऱ्याचें आहे,” असें तो म्हणाला. हें वाक्य ऐकून आम्ही सावध झालों. कारण संमिश्र पोथीचें वर्णन आपण अगदीं याच शब्दांत करतों.

या स्विचाची रचना वाचकांस कळावी म्हणून ती थोडक्यांत सांगतों. खालचें कवच, वरचें कवच, त्यांच्यामध्यें खालींवर सरकणारी दांडी, दांडीखालची स्प्रिंग, आणि एका बाजूस विद्युत्प्रवाह जोडणाऱ्या धातूच्या दोन पात्या, असे त्याचे भाग आहेत. दांडीस जाणकार स्टेम म्हणतात. तिच्या माथ्यावर अधिक चिन्हाच्या आकाराचा उंचवटा असून त्यावर अक्षराची टोपी बसते. दांडी वर असते तेव्हां तिचे पाय पात्यांस परस्परांपासून दूर ठेवतात. ती सुमारें २ मिलिमीटर खालीं गेली कीं पात्या जुळतात व अक्षर उमटतें. एकंदर चाल सुमारें ४ मिलिमीटर. बोट उचलतांच स्प्रिंग दांडीस वर लोटते. लेखकाच्या बोटास जें जाणवतें तें मुख्यतः या दोन भागांवर अवलंबून असतें. किती जोर लावावा लागेल हें स्प्रिंग ठरविते. चाल सरळ राहील, वाटेंत अडखळ लागेल, कीं टक् असा आवाज होईल, हें दांडीचा घाट ठरवितो.

चेरी कंपनीच्या स्विचांत हे भेद दांडीच्या रंगावरून ओळखतात. तांबडी व काळी या दोन्ही दांड्या सरळ चालीच्या आहेत. परंतु तांबड्या स्विचास सुमारें ४५ व काळ्यास सुमारें ६० सेंटिन्यूटन जोर लागतो, आणि हा फरक मुख्यतः स्प्रिंगचा आहे. तपकिरी दांडीच्या पायांवर लहानसा उंचवटा असल्यामुळें वाटेंत अडखळ जाणवते. निळी दांडी दोन तुकड्यांची असून त्यांतील सरकता तुकडा आपटून आवाज करतो. आतां एका स्विचाची दांडी काढून दुसऱ्याच्या स्प्रिंगवर बसविली, तर तिसरीच चाल उत्पन्न होते, हें उघड आहे. हौशी लोक हेंच करतात. स्विच सर्किट बोर्डास डाख देऊन जोडलेला असेल तर आधीं डाख वितळवून तो सोडवितात. अलीकडे खोबणींत नुसते खोंचावयाचे स्विचहि मिळतात. मग कवचाच्या अंकड्या सैल करून वरचा भाग उचलावयाचा, स्प्रिंग किंवा दांडी बदलावयाची, व कवच पुन्हा दाबून बसवावयाचें. आमच्या विद्यार्थ्यानें करंगळीखालच्या कळांस हलक्या स्प्रिंगा घातल्या होत्या, कारण दिवसभर लिहून त्याची करंगळी दुखत असे.

या प्रकारांतील एक उदाहरण पाठचिकित्सकांनीं विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. चेरीच्या ‘क्लिअर’ नांवाच्या स्विचांत दांडीचा उंचवटा ठळक व स्प्रिंगहि कडक असते. हौशी लोकांनीं त्याची दांडी तेवढी ठेवली, स्प्रिंग हलकी घातली, व या मिश्र स्विचास ‘एर्गो-क्लिअर’ असें नांव दिलें. हें नांव इतकें रूढ झालें कीं पुढें कंपनीनेंच त्या नांवाचा स्विच बाजारांत आणला. समासांतील टीप पुढील लिपिकारानें संहितेंत घ्यावी, व कालांतरानें तीच मूळ म्हणून मानली जावी, त्यांतलाच हा प्रकार होय. आणखी शंभर वर्षांनीं असा एक सुटा स्विच कोणास सांपडला, तर तो कारखान्याचा कीं घरीं जुळविलेला, हें त्यास कशावरून कळावें?

कळीखालीं स्प्रिंग असणें ही संगणकाची नवलाई नव्हे. शोल्स याच्या कल्पनेवरून रेमिंग्टन कंपनीनें १८७४ मध्यें टंकयंत्र विक्रीस काढलें, व १८७८ च्या नमुन्यांत शिफ्टची कळ आली. पुढें रूढ झालेल्या यंत्रांत कळ व टाइपबार जागेवर परत आणण्याचें काम स्प्रिंगच करीत असे. संगणकाच्या काळांत रिचर्ड हंटर हॅरिस यानें आय. बी. एम. कंपनींत वांकणाऱ्या स्प्रिंगची योजना काढली. तिचें अमेरिकन पेटंट १९७८ चें आहे. तिच्यांत स्प्रिंग दाबतां दाबतां एका क्षणीं कडेस लचकते, आणि त्या लचकण्यानेंच अक्षर लागल्याचें बोटास व कानास समजतें. चेरीचा वर वर्णिलेला स्विच १९८३ च्या सुमाराचा. त्याच्या मूळ पेटंटाची मुदत सरल्यावर चीनमधील कारखान्यांनीं त्याच घाटाचे स्विच काढले. त्यामुळें एकाची दांडी दुसऱ्याच्या कवचांत बहुधा बसूं लागली, व भागांतराच्या या हौशीस मोठें क्षेत्र मिळालें.

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. १९४८ पर्यंत किनवट निजामाच्या राज्यांत होतें व दप्तराची भाषा उर्दू होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत हा भाग आदिलाबाद जिल्ह्यांतून निघून नांदेड जिल्ह्यांत आला. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य व १९६४ मध्यें राजभाषा अधिनियम झाला. या क्रमानें मराठी टंकयंत्रास इकडील कचेऱ्यांत स्थान मिळत गेलें. गोदरेज कंपनीनें भारतीय बनावटीचें पहिलें टंकयंत्र १९५५ मध्यें काढलें, व २००९ मध्यें त्यांचें उत्पादन थांबविलें. तात्पर्य, आमच्या तालुक्याच्या मराठी दप्तराचा पहिला अर्धशतकाचा काळ बव्हंशीं टंकलिखित आहे. मोडी रुमालांची आपण जी काळजी घेतों तिचा शतांशहि या कागदांच्या वांट्यास येत नाहीं. हे कागद कसे वाचावेत याचें शास्त्र तर आपण अद्याप रचलेलेंच नाहीं. त्या अज्ञानामुळें आमच्या हातून एक चूक झाली. ती येथें नमूद करणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका कुटुंबानें एका मोडी कागदाच्या बाळबोध नकला आमच्याकडे आणल्या. मूळ कागद जीर्ण होऊन नष्ट झाला होता. नकला दोन, दोन्ही टंकलिखित, दोहोंवरहि तारीख नाहीं. शेताची पश्चिमेची सीमा ‘ओढा’ कीं ‘वाडा’ हा वाद होता, व दोन्ही नकलांत ‘ओढा’ असा पाठ होता. त्या एकाच यंत्रावरच्या कीं भिन्न यंत्रांवरच्या, हें पाहण्यास आम्हीं शिरोरेषेचा उपयोग केला. रोमन अक्षरें सुटीं उभीं असतात, त्यामुळें एखादें किंचित् खालीं बसलें तरी चटकन् दिसत नाहीं. नागरी अक्षरांस एकच शिरोरेषा जोडते, म्हणून केसभर फरकहि पायरीसारखा दिसतो. त्यांतहि रेमिंग्टन पद्धतीच्या नागरी कळफलकावर ख, थ, ध, भ, श, ण इत्यादि अक्षरें अर्धीं असून पुढें काना जोडल्यावर तीं पूर्ण होतात. अर्थात् एकाच अक्षराच्या पोटांत सांधा येतो. एका नकलेंत ‘ध’ सर्वत्र आपल्या कान्याहून खालीं होता. दुसरींत शिरोरेषा सरळ होती. यावरून यंत्रें दोन, म्हणून नकला स्वतंत्र, म्हणून ‘ओढा’ या पाठास दोन साक्षी, असा निर्णय आम्हीं दिला व तसा लेखी अभिप्राय त्या कुटुंबाच्या स्वाधीन केला.

पुढें नांदेड येथील एका वृद्ध टंकयंत्र-दुरुस्ती कारागिराशीं आमचा परिचय झाला. त्याची जुनी वही चाळतांना त्या कुटुंबाच्या यंत्राची नोंद सांपडली. यंत्राचा क्रमांक, तारीख, आणि पुढें एवढेंच : अर्ध्या ‘ध’चा टाइपबार मोडला होता, तो जुन्या यंत्रांतला बसविला, कळीची स्प्रिंगहि बदलली. आम्हीं दोन्ही नकला पुन्हा काढून पाहिल्या. दोहोंतहि ‘ळ’च्या उजव्या वाटोळ्यास एकाच जागीं टवका होता. यंत्र एकच होतें. सरळ शिरोरेषेची नकल दुरुस्तीपूर्वींची, पायरीची नंतरची, व दुसरी पहिलीवरूनच उतरलेली, हें तिच्यांत तशाच राहिलेल्या दोन लेखनदोषांवरून ठरलें. साक्षी दोन नसून एकच होता. आम्हीं अभिप्राय परत घेतला. सीमा ओढा होती कीं वाडा, हा प्रश्न त्या कागदांवरून आतां सुटण्यासारखा नाहीं.

आमची चूक कोठें झाली? जो भाग बदलूं शकतो त्यावरून आम्हीं यंत्राची ओळख ठरविली, आणि जो दोष तसाच राहिला त्याकडे दुर्लक्ष केलें. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत नागसेन भिक्षु राजास विचारतो कीं रथ म्हणजे चाक, आंस कीं दांडी, आणि यांपैकीं कोणताच एक भाग रथ नव्हे असें दाखवितो. यंत्राच्या ओळखीविषयीं तोच प्रश्न आहे. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या आदिपर्वास १९३३ मध्यें जोडलेल्या प्रस्तावनेंत विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं परस्परांत मिसळलेल्या प्रतींमुळें वंशवृक्ष रचणें किती दुर्घट होतें हें विस्तारानें दाखविलें आहे. प्रतींची संख्या म्हणजे साक्षींची संख्या नव्हे, हा धडा पोथ्यांपुरता आम्हांस पाठ होता. यंत्रापुढें आम्ही तो विसरलों.

तथापि टंकयंत्राच्या बाबतींत कागद निदान साक्ष देतो. पायरी, टवका, ठसा, हीं सर्व त्यावर उमटतात. संगणकाच्या कळफलकाचें तसें नाहीं. स्प्रिंग ४५ ची असो वा ६० ची, दांडी तांबडी असो वा निळी, उमटणारें अक्षर तेंच. लेखकाचें बोट दुखत होतें, म्हणून त्यानें कळ हलकी केली. कळ हलकी झाल्यानें त्याच्या लेखनांत विशिष्ट चुका वाढल्या असतील वा कमी झाल्या असतील. परंतु या कार्यकारणाचा माग लेखांत कोठेंहि राहत नाहीं. येथें लिपिकरप्रमादाचें कारण शोधूं जाणाऱ्यास लिखित नोंदीवांचून दुसरा आधार नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी. जो कोणी आपल्या कळफलकाचे भाग बदलील त्यानें त्याच्या पाठीस एक चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर मूळ कळफलक कोणता, कोणत्या कळांत काय बदललें, स्प्रिंगचा भार किती, दांडी व कवच कोणत्या बनावटीचें, बदल कोणीं, कोठें व कोणत्या दिवशीं केला, आणि काढलेले भाग कोठें ठेवले, इतकें लिहावें. जुनीं टंकयंत्रें संग्रहीं ठेवणारांनीं दुरुस्तीच्या वेळीं जुना टाइपबार वा स्प्रिंग टाकून न देतां पुडींत बांधून यंत्राबरोबरच ठेवावी. भागांतर करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्याचा हात दुखतो त्यानें कळ अवश्य हलकी करावी. मात्र तें गुप्त राहूं नये.

आमच्या विद्यार्थ्यानें जाण्यापूर्वीं अशी चिठ्ठी आमच्यासमोर लिहिली व स्थळाच्या जागीं किनवट घातलें. नांदेडच्या त्या वहीची संपूर्ण नक्कल करण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें आहे. ज्या संग्राहकांपाशीं टंकयंत्र-दुरुस्तीच्या अशा वह्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां जपाव्या, व त्यांची माहिती या त्रैमासिकाकडे धाडावी, अशी विनंति आहे.