उत्सवाच्या रस्त्यावरचा परका

देवळाला उंबरठा असतो. तो कोणी ओलांडावा आणि कोणी ओलांडू नये याचे नियम असतात, आणि आपल्या देशात ते नियम फार काळ फार कडकपणे पाळले गेले. परंतु वर्षातून काही दिवस असे येतात की देवच उंबरठा ओलांडून बाहेर येतो. तो पालखीत बसतो, रथात बसतो, हत्तीवर बसतो आणि बाजारपेठेतून मिरवतो. त्या दिवशी रस्ता हेच देऊळ होते, आणि रस्त्यावर तर कोणीही उभा राहू शकतो. म्हणूनच परदेशातून आलेल्या प्रवाशाची हिंदू धर्माशी पहिली गाठ बहुधा गाभाऱ्यात पडलेली नाही. ती रस्त्यावर, ढोलताशांच्या गजरात आणि गर्दीच्या धक्क्यात पडली आहे.

आजच्या व्याख्यानात अशा काही परक्यांची ओळख करून घ्यावयाची आहे. त्यांनी काय पाहिले, ते कोठे उभे राहून पाहिले, आणि त्यांच्या पाहण्याने आपले व जगाचे काय झाले, असा हा विचार आहे.

पहिला साक्षीदार डोमिंगो पाएस. हा पोर्तुगीज गृहस्थ १५२० च्या सुमारास विजयनगरास होता. तेव्हा कृष्णदेवरायाचे राज्य होते आणि महानवमीचा नऊ दिवसांचा उत्सव चालू होता. मल्लांच्या कुस्त्या, नर्तकींचे ताफे, शृंगारलेले हत्ती व घोडे, रात्रीचे दारूकाम हे सगळे त्याने बारकाईने लिहून ठेवले आहे. ज्या इमारतीत राजा उत्सवासाठी बसे तिला तो ‘विजयगृह’ म्हणतो, कारण ओरिसाच्या स्वारीवरून परतल्यावर राजाने ती बांधविली होती. पाएसचा हा वृत्तांत पॅरिसमध्ये पडून होता. तो १८९७ साली प्रसिद्ध झाला आणि १९०० साली रॉबर्ट सेवेल याने त्याचे इंग्रजी केले. हंपीच्या ओसाड पडलेल्या दगडी चौथऱ्यावर एकेकाळी काय घडत होते हे आज आपण सांगू शकतो, त्याचे बरेचसे श्रेय ह्या परक्याच्या डोळ्यांना आहे. तथापि हेही लक्षात ठेवले पाहिजे की पाएस हा राजाचा पाहुणा होता. त्याला बसावयास जागा मिळाली होती. राजाला जे दाखवावयाचे होते तेच त्याला दिसले.

दुसरा साक्षीदार पिएत्रो देल्ला व्हाल्ले, रोमचा रहिवासी. तो १६२३ साली सुरतेस आला. तेथे रंग उडवीत रस्त्याने नाचणारी होळीची मंडळी त्याने पाहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगीज वकिलाबरोबर तो व्यंकटप्पा नायकाच्या इक्केरीस गेला. तेथे हातात रंगीत दांडकी घेऊन, ती एकमेकींवर वाजवीत फेर धरणाऱ्या मुलींचे वर्णन त्याने केले आहे. आपल्याकडील टिपऱ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे वर्णन वाचताना मुळीच परके वाटत नाही. ह्या माणसाला व्यापार करावयाचा नव्हता आणि राज्यही मिळवावयाचे नव्हते. केवळ कुतूहलापोटी देशोदेशी हिंडणारा असा प्रवासी त्या काळी दुर्मिळ होता.

आता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभाकडे येऊ. येथे दोन माणसे एकमेकांसमोर उभी करावीत असे मला वाटते, कारण दोघेही इंग्रजांचे नोकर, दोघांच्या हकीकतींत अवघ्या तीन वर्षांचे अंतर, आणि दोघांनी दोन निरनिराळ्या उत्सवांतून दोन निरनिराळी हिंदुस्थाने इंग्लंडात नेली.

पहिला क्लॉडिअस ब्युकॅनन. हा पाद्री कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात उपप्रमुख होता. त्याच कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवीत असे, आणि १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले होते. १८०६ च्या जून महिन्यात ब्युकॅनन जगन्नाथपुरीस गेला. पुरी तेव्हा नुकतीच कंपनीच्या हाती आली होती. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. देवळाच्या सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तेथे उभा केला गेला तो याच मराठी अमदानीत. १८०३ च्या युद्धात हा मुलूख इंग्रजांनी घेतला.

पुरीची रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेला निघते. जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचे तीन रथ दर वर्षी नव्या लाकडाचे बांधतात. जगन्नाथाच्या नंदिघोष रथाला सोळा चाके असतात आणि त्याची उंची सुमारे पंचेचाळीस फूट भरते. पुरीचा गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या केरसुणीने रथ झाडतो, आणि मग हजारो हात दोरखंडाला लागतात. मोठ्या रस्त्याने सुमारे तीन किलोमीटरवरच्या गुंडिचा मंदिरापर्यंत देव जातो, तेथे काही दिवस राहतो आणि तसाच परत येतो. राजाने झाडू मारावा आणि रयतेने देवाला ओढावे, अशी ही यात्रा आहे.

ब्युकॅननला यातले काय दिसले? त्याला वाटेवर यात्रेकरूंची हाडे पडलेली दिसली. गर्दीत एक मनुष्य स्वतः होऊन चाकाखाली पडलेला दिसला. बायबलातल्या नरबळी घेणाऱ्या दैवताची त्याला आठवण झाली. त्याचे पुस्तक १८११ साली निघाले आणि इंग्लंडात व अमेरिकेत फार खपले. परिणाम असा झाला की ‘जगरनॉट’ हा शब्द इंग्रजीत कायमचा रुजला. त्याचा अर्थ, वाटेत येईल त्याला चिरडीत जाणारी आंधळी शक्ती. विलायतेत आज अजस्र मालमोटारीलाही तोच शब्द लावतात. रथाखाली लोक उड्या घेतात ही कथा तशी जुनीच होती. चौदाव्या शतकातला ओडोरिक नावाचा साधू अशाच एका रथाची हकीकत सांगून गेला होता. ब्युकॅननने त्या कथेला डोळ्यांनी पाहिल्याचा शिक्का मारला. पुढे १८७२ साली डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर याने ओरिसावरील ग्रंथात कागदपत्रे तपासून दाखविले की असे आत्मघात क्वचितच होत, बहुतेक मृत्यू गर्दीतल्या अपघाताचे असत, आणि रक्त सांडणे हे तर जगन्नाथाच्या वैष्णव उपासनेच्या अगदी विरुद्ध आहे. पण तोवर शब्द जगभर गेला होता, आणि तो हंटरच्या ग्रंथाने काही परत आला नाही.

दुसरा कॅप्टन टॉमस ब्राउटन. हा दौलतराव शिंद्यांच्या दरबारातील रेसिडेंटाच्या सोबतच्या पलटणीचा अधिकारी. १८०९ साली छावणीतून त्याने आपल्या भावाला पत्रे लिहिली, ती १८१३ साली लंडनला पुस्तकरूपाने निघाली. त्यात शिमग्याची एक हकीकत आहे. महाराजांनी साहेबलोकांना रंग खेळण्यास बोलाविले. आरंभी रुप्याच्या लहान भांड्यांतून थोडेसे रंगीत पाणी शिंपडले गेले. मग अबीर उधळू लागला. हा आपला काळा बुक्का नव्हे. उत्तरेकडे अबीर म्हणतात तो गुलाल, शिंगाड्याचे पीठ रंगवून केलेला. अंड्याएवढे, पातळ कवचाचे, आत अबीर भरलेले गोळे फुटू लागले. पळसाच्या फुलांच्या पिवळ्या पाण्याच्या पिचकाऱ्या सुटल्या. महाराजांवर एरवी कोणी रंग टाकीत नसे, पण त्या दिवशी त्यांनी आपण होऊन सांगितले की आज भेद नाही. आणि मग सेवकांनी समोर कापड धरले असताना, त्या आडून महाराजांनी हातात नळी घेतली ती आग विझविण्याच्या बंबाची! पाचसहा माणसे तो बंब हाकीत होती. त्यापुढे साहेबांची पिचकारी काय टिकणार? सगळी मंडळी नखशिखान्त भिजून निघाली.

ह्या ब्राउटनला आपल्या लोकांचा फार पुळका होता असे मुळीच नाही. होळीची गाणी त्याला अश्लील वाटली आणि तसे त्याने लिहिले. त्याच पत्रांत थकलेल्या पगारासाठी धरणे धरणारे शिपाई आहेत. पुण्याच्या लोकांनी ज्याच्या जुलमाचे चटके सोसले होते त्या सर्जेराव घाटग्याचा त्याच वर्षी झालेला खूनही आहे. शिंदेशाहीची मोडकळ त्याने झाकून ठेवली नाही. पण एकदा अंगावर रंग घेतलेल्या ह्या माणसाने पुढे काय केले पाहा. पलटणीतल्या हिंदुस्थानी शिपायांच्या तोंडची गाणी व कवने त्याने उतरून घेतली, आणि १८१४ साली त्यांचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह लंडनला छापला. ज्या शिपायाला हुकूम द्यावयाचा त्याच्याजवळ बसून त्याचे गाणे ऐकावे, असे त्या काळच्या किती अधिकाऱ्यांना वाटले असेल?

येथे आपण घाई करू नये. ‘जो खेळला तो भला आणि जो दूर राहिला तो दुष्ट’ असा निकाल देणे सोपे आहे, पण तो न्याय होणार नाही. ब्राउटन खेळला तो राजाच्या तंबूत. छावणीच्या कडेला उपाशी माणूस कसा शिमगा करीत होता ते त्या तंबूतून दिसत नव्हते. आणि ब्युकॅननने पाहिलेली हाडे खोटी नव्हती. शेकडो कोस चालून आलेले यात्रेकरू उपासाने आणि रोगराईने वाटेवर मरत होते. वर त्यांच्यावर यात्राकर होता. तो मराठ्यांनी घेतला होता, आणि कंपनीनेही १८०६ च्या कायद्याने घेतला. तो उठला १८४० साली. ब्युकॅननची चूक पाहण्यात नव्हती, अर्थ लावण्यात होती. जो दोष वाटेचा, पाण्याचा आणि राज्यकारभाराचा होता, तो त्याने रथावर आणि देवावर लादला. रथ ओढणाऱ्या हजारोंपैकी एकालाही त्याने, ‘बाबा, तू येथे का आलास?’ असे विचारले असते, तर कदाचित त्याला दुसरे उत्तर मिळाले असते.

हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. पुरीस २०२५ च्या यात्रेत गुंडिचा मंदिराजवळ चेंगराचेंगरी होऊन तीन माणसे दगावली. अशा वेळी उत्सवाला नावे ठेवणारेही निघतात आणि उत्सवाच्या अभिमानाने मृत्यूकडे पाठ फिरविणारेही निघतात. दोघेही एकाच डोळ्याने पाहतात.

दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहणे शक्य आहे काय? आहे, आणि त्याचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. इरावतीबाई कर्वे पंढरीच्या वारीत पायी चालल्या. त्या परदेशी नव्हत्या, पण शास्त्राच्या अभ्यासक म्हणून गेल्या होत्या, म्हणजे एका परीने परक्याच. ‘परिपूर्ती’ ह्या १९४९ सालच्या संग्रहातला त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख पुढे १९६२ साली इंग्रजीतही गेला. वारीतले प्रेम, गाणे आणि आनंद त्यांनी मनापासून अनुभवला. आणि त्याच वारीत ब्राह्मण व मराठा मंडळी वेगळी चालतात, वेगळी जेवतात, हेही त्यांनी पाहिले, त्याचे दुःख मानले आणि ते स्पष्ट लिहिले. आपल्या पायाने चाललेल्या माणसाच्या तोंडून आलेला तो दोष आहे. म्हणून तो ऐकणाऱ्यास लागतो, पण डिवचीत नाही.

पुरीच्या मोठ्या रस्त्यावर एक समाधी आहे, सालबेगाची. सतराव्या शतकातला हा कवी मुसलमान बापाचा मुलगा. देवळात त्याला प्रवेश नव्हता. त्याने जगन्नाथाची भजने रचली, आणि ती ओडिया घरांत आजही गायिली जातात. यात्रेला पोहोचण्यास त्याला उशीर झाला तेव्हा रथ जागचा हलेना, अशी कथा सांगतात. कथा खरी की खोटी हे इतिहासकार सांगू शकणार नाही. इतिहासकार एवढेच सांगू शकतो की आजही जगन्नाथाचा रथ त्या समाधीपाशी क्षणभर थांबवितात. ज्या समाजाने ही कथा जपली, त्याला देवळाच्या दारात उभ्या राहिलेल्या परक्याचे दुःख कळत होते. आणि दार मात्र त्याने उघडले नव्हते. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

श्रोतेहो, आपल्या गावच्या गणपतीच्या मिरवणुकीत, जत्रेत, पालखीत आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक परके लोक येतात. कोणी कॅमेरा घेऊन येतो, कोणी पाठीला पिशवी लावून येतो, कोणी दुसऱ्या प्रांतातून पोटासाठी आलेला असतो. तो येथून कोणता शब्द घेऊन जाईल, हे काही अंशी आपल्या हाती आहे. त्याला कठड्यापलीकडे खुर्ची मांडून बसविले तर तो पाएससारखे आपले वैभव लिहील. त्याला वाटेवर धक्के खात, तहानलेला सोडले तर तो ब्युकॅननसारखे आपले मरण लिहील. पण त्याच्या हाती दोरीचे टोक दिले, त्याच्या कपाळी गुलाल लावला आणि त्याने विचारलेल्या अवघड प्रश्नाला न रागावता उत्तर दिले, तर तो आपले चांगले आणि वाईट दोन्ही लिहील. तसे लिहिलेले आपल्यालाही वाचण्यासारखे असेल.