कन्सोल कंपनीचा, पण तो चालतो बाहेरच्यांच्या गेमवर : पुण्याच्या ‘राजी’पासून समजून घ्या थर्ड पार्टीचा खेळ

पुणे : उसाचं बिल जमा झालं किंवा दिवाळीचा बोनस आला की काही घरांत पोरांची एक मागणी ठरलेली असते. प्लेस्टेशन घ्या. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू असते. घेताना बहुतेक जण मशीन बघतात : कंपनी कोणती, मेमरी किती, रिमोट किती मिळतात. पण या धंद्याचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव सांगतो, की मशीन कितीही भारी असली तरी ती चालणार की धूळ खात पडणार, हे बरंचसं तिसऱ्याच लोकांच्या हातात असतं. हे लोक म्हणजे बाहेरचे गेम बनवणारे. धंद्याच्या भाषेत त्यांना थर्ड पार्टी डेव्हलपर म्हणतात. यातले काही पुण्यातच बसून काम करतात.

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण?

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनला कन्सोल म्हणतात. आज जगात हे मशीन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन आहेत. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचं स्विच. या कंपन्या स्वतःही गेम बनवतात. पण बहुतेक गेम बाहेरच्या कंपन्यांचे असतात. त्यांचा मशीनवर मालकी हक्क नसतो. त्या परवाना घेतात, गेम बनवतात आणि विक्रीतला वाटा मशीनवाल्या कंपनीला देतात.

ज्यांनी लहानपणी टीव्ही गेम खेळला आहे, त्यांना हा फरक लगेच कळेल. कॅसेट टाकली की दोन गेम हमखास असायचे, मारिओ आणि कॉन्ट्रा. मारिओ हा निन्टेन्डोचा घरचा गेम. कॉन्ट्रा मात्र कोनामी या दुसऱ्या जपानी कंपनीचा. म्हणजे मशीनची मूळ रचना एकाची आणि दोघा भावांनी रात्री जागून खेळलेला गेम दुसऱ्याचा.

नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचं उदाहरण घेतलं तर हिशोब सोपा होतो. बाजार समिती स्वतः टोमॅटो पिकवत नाही. जागा देते, व्यवहार घडवते, फी घेते. माल येतो म्हणून व्यापारी येतात आणि व्यापारी येतात म्हणून शेतकरी माल आणतो. दोन्हीपैकी एक आटला की दुसराही आटतो. कन्सोलचंही तसंच आहे. गेम असतील तर गिऱ्हाईक मशीन घेतं आणि मशीन घरोघरी असेल तर गेमवाला तिच्यासाठी गेम बनवतो. ऑनलाइन स्टोअरवर विकलेल्या गेममागे मशीनवाली कंपनी साधारण ३० टक्के कापून घेते.

सुरुवात झाली १९७९ मध्ये

आधी असा बाहेरचा कोणी नव्हताच. अमेरिकेतल्या अटारी कंपनीचं मशीन १९७७ मध्ये बाजारात आलं. त्याचे गेमही अटारीच बनवायची. गेम बनवणाऱ्या प्रोग्रॅमरचं नाव खोक्यावर छापलं जात नव्हतं आणि गेम कितीही खपला तरी वाटा मिळत नव्हता. वैतागून चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन ही कंपनी निघाली. अटारीच्या मशीनवर चालणारे गेम त्यांनी स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. अटारी कोर्टात गेली. १९८२ मध्ये तडजोड झाली, की ॲक्टिव्हिजनने रॉयल्टी द्यायची आणि गेम विकायचे. थर्ड पार्टीचा धंदा इथून रीतसर सुरू झाला.

पण दार उघडल्यावर कोणीही आत शिरलं. घाईत बनवलेले रद्दी गेम दुकानांत साचले. गिऱ्हाईक वैतागलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदा कोसळला. बाहेरचे लोक मशीनला वर नेऊ शकतात, तसे बुडवूही शकतात, हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

निन्टेन्डोने लावलं कुलूप

निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत आपलं मशीन आणलं, ते हा धडा घेऊनच. मशीनमध्ये कुलपासारखी चिप बसवली. परवाना नसलेली कॅसेट त्यात चालत नसे. बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मुभा होती आणि कॅसेट निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागायची. दर्जा टिकला, पण गेमवाल्यांची दमछाक झाली. कोनामीने पाचची मर्यादा ओलांडायला अल्ट्रा नावाची वेगळी कंपनी दाखवली आणि जादा गेम त्या नावाने काढले.

एका गेममुळे पारडं फिरलं

ही नाराजी पुढे महागात पडली. १९९४ मध्ये सोनीने प्लेस्टेशन काढलं. सोनी या धंद्यात नवीन होती. तिने सीडी वापरली, जी स्वस्त होती आणि कॅसेटपेक्षा खूप जास्त माहिती साठवायची. निन्टेन्डोने मात्र १९९६ च्या निन्टेन्डो ६४ या मशीनमध्ये कॅसेटच ठेवली.

जपानच्या स्क्वेअर कंपनीची ‘फायनल फँटसी’ ही मालिका तोवर निन्टेन्डोवरच येत होती. सातवा भाग इतका मोठा झाला की त्याला तीन सीडी लागल्या. तो कॅसेटमध्ये बसणारा नव्हता. स्क्वेअरने घर बदललं आणि १९९७ मध्ये तो भाग प्लेस्टेशनवर आला. इतरही अनेक कंपन्या सोनीकडे गेल्या. शेवटी पहिलं प्लेस्टेशन १० कोटींहून जास्त विकलं गेलं, तर निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबलं. मारिओ आणि झेल्डासारखे घरचे उत्तम गेम असूनही हा फरक पडला.

प्लेस्टेशन २ च्या वेळी हेच झालं. आपल्याकडे तालुक्याच्या सायबर कॅफेत गाजलेला ‘जीटीए व्हाइस सिटी’ हा रॉकस्टार या बाहेरच्या कंपनीचा गेम. तो २००२ मध्ये आधी प्लेस्टेशन २ वर आला, कॉम्प्युटरवर नंतर. हे मशीन साडेपंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं.

मशीन चांगलं, तरी बसलं

उलटी उदाहरणंही आहेत. सेगाचं ड्रीमकास्ट हे आपल्या काळातलं पुढारलेलं मशीन होतं. इंटरनेटची सोय त्यात आधीच दिली होती. पण खेळांचे गेम बनवणारी मोठी कंपनी ईए त्याच्यासाठी गेम बनवायला तयार झाली नाही. घरोघरी फुटबॉलचे गेम खेळणाऱ्या अमेरिकेत हा मोठा फटका होता. आधीच्या मशीनमधला तोटा आणि समोर येणारं प्लेस्टेशन २ हीही कारणं होतीच. २००१ मध्ये सेगाने मशीन बनवणं बंद केलं आणि ती स्वतःच थर्ड पार्टी झाली. सेगाचा सोनिक त्याच वर्षी जुन्या वैऱ्याच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या मशीनवर धावू लागला.

निन्टेन्डोलाही २०१२ च्या वी यू मशीनने हात दाखवला. नाव गोंधळात टाकणारं, ताकद कमी, त्यामुळे बाहेरच्या कंपन्यांनी लवकरच हात आखडता घेतला. आधीचं वी १० कोटींवर गेलं होतं, वी यू १ कोटी ३६ लाखांवर अडकलं.

मोबाइलवाल्यांना हे नवं वाटायचं कारण नाही. नोकियाचा लुमिया फोन मजबूत होता, पण त्याच्या विंडोज सिस्टिमसाठी ॲप बनवणारे कमी पडले आणि तो मागे राहिला. उलट २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनवर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आलं आणि साध्या बटणाच्या फोनचा उपयोग एकदम वाढला.

पुण्यातून स्विचपर्यंत : ‘राजी’ची वाट

वी यूच्या अनुभवानंतर निन्टेन्डोने २०१७ मध्ये स्विच आणलं आणि यावेळी छोट्या स्टुडिओंनाही मोकळी जागा दिली. याच दारातून पुण्याचा एक गेम आत गेला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. दुर्गा आणि विष्णू यांच्या आशीर्वादाने ती त्याला शोधायला निघते. गेममधली चित्रं पहाडी शैलीसारखी रंगवली आहेत आणि कथा सावल्यांच्या बाहुल्यांतून पुढे सरकते.

रस्ता सोपा नव्हता. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न झाला, पण ठरलेली रक्कम जमली नाही. पुढे एपिक कंपनीचं अनुदान आणि परदेशी प्रकाशकाची साथ मिळाली. १८ ऑगस्ट २०२० रोजी निन्टेन्डोच्या ऑनलाइन कार्यक्रमात ‘राजी’ दाखवला गेला आणि त्याच दिवशी स्विचवर विक्रीला आला. सुरुवातीचे सुमारे दोन महिने तो फक्त स्विचवरच होता. १५ ऑक्टोबरला प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि कॉम्प्युटरवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

दोघांनाही काय मिळालं? निन्टेन्डोला दुसऱ्या कोणाकडे नसलेला, वेगळ्या मातीतला गेम मिळाला. पुण्याच्या स्टुडिओला जगभरातलं गिऱ्हाईक एका दिवसात दिसलं. गंमत अशी, की तेव्हा निन्टेन्डो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नव्हती. पुण्यात बनलेला गेम पुण्यातल्याच पोरांना दोन महिने सहज खेळता आला नाही.

पुण्यातले इतर

पुण्यात बाहेरच्या मोठ्या कंपनीचाही स्टुडिओ आहे. फ्रान्सच्या युबीसॉफ्टने २००८ मध्ये पुण्यातला गेमलॉफ्टचा स्टुडिओ घेतला. तिन्ही मशीनसाठी युबीसॉफ्ट ही थर्ड पार्टीच. तिच्या ‘जस्ट डान्स’ या नाचाच्या गेमच्या अनेक आवृत्त्यांवर पुण्यात काम झालं. २०२० मध्ये जाहीर झालेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा नवा अवतार पुणे-मुंबईकडे दिला होता. तो लांबत गेला आणि २०२२ मध्ये काम कॅनडातल्या माँट्रियलकडे गेलं. म्हणजे कसब इथलं असलं तरी निर्णय बाहेर होतात, ही बाजूही लक्षात ठेवावी लागते.

पुण्याच्याच सुपरगेमिंगने वेगळा मार्ग धरला. त्यांचा ‘इंडस’ हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आधी मोबाइलवर आला. कारण उघड आहे, भारतातलं गिऱ्हाईक मोबाइलवर आहे.

मग जोर कोणाचा?

मोठ्या गेमवाल्याचा जोर जास्त असतो, छोट्याचा कमी. ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारखा गेम कुठल्या मशीनवर येणार, यावर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट भांडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो गेम काढणारी ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डच सुमारे ६९ अब्ज डॉलरला विकत घेतली. त्याआधी सरकारी यंत्रणांनी अडवल्यावर, हा गेम प्लेस्टेशनवर दहा वर्षं येत राहील असा करार करावा लागला. १९७९ मध्ये मशीनवाल्याला सोडून निघालेली कंपनी अशी पुन्हा मशीनवाल्याच्या घरात गेली.

छोट्या स्टुडिओकडे एवढी ताकद नसते. मशीनवाल्याची परवानगी, तपासणी, खास यंत्रं आणि स्टोअरमध्ये वरची जागा, या सगळ्यासाठी तो अवलंबून असतो. एका मशीनवर आधी देण्याचा करार केला तर प्रसिद्धी मिळते, पण बाकीचं गिऱ्हाईक थांबून राहतं.

कन्सोल घेणाऱ्या घरांसाठी

– मशीनआधी गेम विचारा. पोराला हवे असलेले चार-पाच गेम त्याच मशीनवर आहेत का, हे आधी बघा. काही गेम एकाच कंपनीच्या मशीनवर मिळतात.
– मोठे नवे गेम तीन ते पाच हजारांना पडतात. डिस्कवालं मशीन घेतलं तर जुन्या डिस्क घेता-विकता येतात. फक्त डिजिटल मशीनमध्ये ती सोय नाही.
– अनेक गेम डाउनलोड करायला ५० ते १०० जीबी डेटा लागतो. गावात फायबर आहे की फक्त मोबाइल नेट, हे आधी तपासा.
– जुनं मशीन स्वस्त मिळत असेल तर त्यावर नवे गेम अजून येतात का, हे विचारा. बाहेरच्यांनी गेम देणं थांबवलं की ते मशीन म्हातारं झालं समजायचं.

गेम बनवू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी

– गोडो आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहेत. ‘राजी’ ज्यावर बनला त्या अनरिअलवर १० लाख डॉलरची कमाई होईपर्यंत रॉयल्टी द्यावी लागत नाही.
– पहिला गेम छोटा करा, कॉम्प्युटर किंवा मोबाइलसाठी. तो पूर्ण करून दाखवला की कन्सोल कंपन्यांकडे डेव्हलपर म्हणून नोंदणीचा अर्ज करताना हातात काही असतं.
– कोड लिहिणं हे एकच काम नाही. चित्र, कथा, आवाज, संगीत आणि चाचणी करणारेही लागतात.
– लाखभर फी सांगणाऱ्या कोर्सला पैसे भरण्याआधी तिथल्या जुन्या मुलांनी बनवलेले गेम बघायला मागा. दाखवता आले नाहीत तर फी भरू नका.