मिशावाल्या माशाच्या ताटात सोयापेंड कशी आली

शेततळ्यात मासे धरणारे विचारतात, कॅटफिशची पिल्लं नुसत्या पेंडीवर वाढतील का? आधी थोडा इतिहास सांगतो, त्यात आपल्यासारखेच कापूसवाले आहेत.

अमेरिकेत मिसिसिपीच्या डेल्टा भागात पिढ्यानपिढ्या कापूस. तिथल्या शेतकऱ्यांनी १९६५ पासून पाणी धरणाऱ्या चिकण जमिनीत तळी केली अन् चॅनल कॅटफिश धरला. तेव्हा खाद्यात फिशमील, म्हणजे मासळीची भुकटी लागायचीच. जगात त्या भुकटीचा मोठा वाटा पेरू देशाचा. आपल्या मांदेलीच्या कुळातला तिथला अँकोव्हेटा मासा वाळवून दळायचे.

१९७० ला पेरूत एक कोटी टनांच्या वर मासळी निघाली. मग आधीची बेसुमार मासेमारी अन् १९७२ चा एल निनो एकत्र आले. हा तोच एल निनो, ज्याचं नाव आपल्या बहात्तरच्या दुष्काळाशी जोडतात. १९७३ ला पाचवा हिस्साही मासळी उरली नाही. भुकटी महागली. जनावरांच्या खाद्यासाठी सगळे सोयाबीनवर तुटून पडले, तेव्हा जून १९७३ मध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यातच रोखली.

कॅटफिश मिश्राहारी, म्हणून त्याचं निभावलं. हळूहळू भुकटी कमी होत गेली. आज तिथल्या मोठ्या माशाच्या खाद्यात सोयापेंड, मका, थोडी सरकी पेंड असते. प्रथिनं २८ ते ३२ टक्के, भुकटी नावापुरती किंवा नाहीच. सरकी पेंड बेतानेच, कारण तिच्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं अन् लायसिन कमी.

पण पिल्लांचं तसं नाही. पोटाखालची पिवळी पिशवी संपली की त्यांना ४५ ते ५० टक्के प्रथिनांची बारीक भुकटी देतात अन् तिच्यात फिशमील अजून असतं. जीव लहान, पोट लहान, वाढ मात्र झपाट्याची. म्हणून थोडक्यात जास्त बळ लागतं. आपल्या देशी मागूरच्या पिल्लांना तर सुरुवातीला पाण्यातले बारीक जिवंत किडेच लागतात.

तेव्हा "पेंडीवर वाढतो" हे मोठ्या माशाचं खरं. पिल्लं बोटाएवढी झाली की सोयापेंडीचं प्रमाण वाढवत न्या. घरचं सोयाबीन कच्चं दळून टाकू नका. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मरतो. खाद्याचा खर्च मोठ्या माशावर वाचवा, पिल्लांच्या तोंडचा काढू नका.